शेजारचा ब्रेक

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, आम्ही दोघंही हातीपायी धड आहोत. फोन असताना आईला पत्राची काय हौस आली, असं तू म्हणशील. मी फोनवर बोलायला लागले की तुझे बाबा हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लाव म्हणतात. बरं, एकटी असले तरी काही उपयोग नाही. माझा आवाज जरा इकडचा तिकडे झाला की तू काय झालं, काय झालं म्हणून खनपटीला बसतेस, मी काही नाही म्हणते आणि मग आपण दोघी हवापाण्यावर बोलत बसतो. कागद बरा. तो मध्येच काही विचारत नाही.

स्वयंपाकघरातला नळ अखेर बदलला. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता त्यांना माझ्या गॅलरीतली धूळ स्पष्ट दिसते, तसं त्या रोज सांगतात. पण मोठी बातमी तुला माहीतच आहे. भिंगरीचा फोन आला त्या दिवसापासून या घराचा नूरच पालटला आहे. आपण आता अठरा वर्षांच्या झालो, सुट्टी लागली की तडक इकडे येणार आणि गाडी शिकणार तर आजोबांकडूनच, असं तिने जाहीर केलं. तुमच्याकडे गल्लोगल्ली शिकवणारे आहेत, पण तिथला क्लासवाला सारखा मोबाइलमध्ये बघतो आणि वर अंगावर खेकसतो म्हणे. आजोबा, तुम्ही आईला शिकवलंत, बाबांना शिकवलंत, मग मलाच का नाही, असं तिने विचारलं. फोन ठेवल्यावर तुझे बाबा चपला घालून खाली उतरले. मग मागच्या आवारात गेले आणि गाडीवरचं कव्हर काढून झटकायला लागले. त्यांना गुणगुणताना मी किती दिवसांनी ऐकलं ते मलाही सांगता येणार नाही.

तुला तो पाण्याचा पेला आठवतो का? बाबा गाडीत समोर, काचेच्या खाली, अर्धा भरून ठेवायचे. एक थेंब सांडला की तोच रस्ता पुन्हा. तुझ्या पहिल्या दिवशी कचेरीसमोरच्या चौकात गाडी बंद पडली, मागून सगळ्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली आणि तू रडत रडत दार उघडून उतरायलाच निघालीस. मी मागे बसले होते. माझाच जीव टांगणीला लागला होता. आणि हे किती शांत. दार लाव बाळ, म्हणाले, बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू होते, त्यात काय एवढं. मग तोच पेला तुझ्या हातात दिला आणि आधी पाणी पी म्हणाले. तू पाणी पिऊन संपवेपर्यंत अख्खा चौक तुंबून राहिला, पण यांनी कोणाकडे मान वळवून पाहिलं नाही. मला त्या दिवशी वाटलं होतं, या माणसाच्या शेजारी बसून कोणीही काहीही शिकेल.

त्यांच्या शिकवण्यातली खरी मेख तर शिकणाऱ्याला कळायचीसुद्धा नाही. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही ब्रेक आणि क्लच असतात, दोन्हीकडचे एकमेकांना जोडलेले. तिकडे यांनी पाय दाबला की इकडे आपल्या पायाखालचा ब्रेक आपसूक खाली जातो. दुसरे शिकवणारे कचकन दाबतात आणि वर तोंड सोडतात. हे इतक्या हलक्या पायाने दाबायचे की आपल्याला वाटावं, वा, काय वेळेवर थांबवली मी. पोरं घरी जाऊन फुशारक्या मारायची. मी एकदा म्हटलं, अहो, सांगा तरी त्यांना. तर म्हणाले, घेऊ दे की श्रेय, त्यानेच धीर येतो, धीर आला की पाय आपोआप शिकतो. मलाही लग्नानंतर त्यांनीच शिकवलं. मी फार लवकर तयार झाले, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

आता त्यांच्या दारू घेण्याबद्दल. पहिल्यांदा लायसन्स निलंबित झालं तेव्हा तू आली होतीस, जे बोलायचं ते बोललीस आणि न जेवता गेलीस. त्यानंतर किती महिने तू त्यांच्याशी बोलली नाहीस, आणि ते रोज संध्याकाळी मला सहज विचारल्यासारखं विचारायचे, ठकूचा फोन होता का. मग भिंगरीनेच मध्ये पडून तुमचा अबोला सोडवला. त्यांनी शपथ घेतली, लायसन्स परत मिळालं, गाडी शिकवायची शाळा पुन्हा सुरू झाली. ती शपथ त्यांनी पाळली नाही असं मी म्हणणार नाही. बरेच दिवस पाळली. मग एखाद्या रविवारी, मग कोणाच्या तरी निवृत्तीच्या पार्टीत, मग पाठ दुखते म्हणून. मी आधी भांडले, मग रडले, मग बाटल्या ओतल्या, मग गप्प बसले. माझ्या या सगळ्या पद्धती तुलाही पाठ आहेत, तू त्यातच लहानाची मोठी झालीस.

आणि आता तुला जे ठाऊक नाही ते. बाबांनी वय झालं म्हणून शाळा बंद केली, असं मी तुला सांगितलं आणि तू म्हणालीस, बरं झालं, आता आराम करू देत. ते खरं नाही. त्यांचं लायसन्स पुन्हा गेलं. भर दुपारी, परीक्षेच्या मैदानावरून रिकामी गाडी घेऊन परत येत होते आणि दुभाजकाला घासत घासत बरंच अंतर गेले. गाडीत कोणी शिकणारं नव्हतं, एवढं नशीब. ज्या पोलिसाने अडवलं तो त्यांचाच विद्यार्थी. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, मास्तर, जरा यात फुंका. फुंकायच्या आधी हे त्याला म्हणाले, तुझी मोटरसायकल तू वळणाच्या किती जवळ लावलीयस, हेच शिकवलं होतं का मी तुला. त्याने आधी मोटरसायकल मागे घेतली आणि मग यंत्र पुढे केलं. हे मला त्यानेच सांगितलं, त्यांना घरी सोडायला आला तेव्हा. सांगताना त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. मलाही हसावं की रडावं कळेना.

दुसरी वेळ म्हटल्यावर कोणी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतं, आणि का घ्यावं. लायसन्स या वेळी लांब मुदतीसाठी निलंबित झालं आणि शिकवण्याचा परवाना कायमचा गेला. रंगाऱ्याला बोलावून शाळेची पाटी उतरवली. तो विचारत होता, पाटी ठेवायची कुठे, तर हे म्हणाले, उलटी करून पलंगाखाली. अजून तिथेच आहे, झाडू मारताना लागते. तुला सांगितलं नाही, कारण तू पुन्हा बोलणं टाकलं असतंस, आणि भिंगरीचे फोन सोडले तर त्यांच्यापाशी आता उरलंय काय? झाकली मूठ ठेवली मी. आपलेच दात, आपलेच ओठ, दुसरं काय.

त्यांना एका सक्तीच्या वर्गाला जावं लागायचं. पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांचा वर्ग, पालिकेच्या सभागृहात. एक तरुण मुलगी पडद्यावर चित्रं दाखवायची, मग सगळ्यांना धूसर दिसणारे चष्मे लावून खडूच्या रेघेवरून चालायला लावायची. हे घरी येऊन तिच्या शिकवण्याला मार्क द्यायचे. मुलगी चांगली आहे पण घाईघाईत बोलते, म्हणायचे. जणू तिची परीक्षा घ्यायलाच गेले होते. बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक होता आणि त्यावर आम्ही बायका. कारण उघड आहे, आतल्या एकालाही गाडी चालवायची परवानगी नव्हती आणि प्रत्येकाला कोणीतरी आणून सोडावं लागत होतं. प्रत्येकीच्या मांडीवर पर्स आणि पर्सवर गाडीची किल्ली. एक बेकरीवाली होती, मोठी विनोदी. म्हणायची, ताई, माझं नाक आता पावावर कमी आणि नवऱ्यावर जास्त चालतं. मी म्हटलं, मला नाकाचीही गरज नाही. दारात किल्ली कशी फिरते यावरून मी सांगते, किती झाली आहे ते. सगळ्या हसल्या. खरंच होतं ते, ठकू. तू शाळेत असल्यापासून माझा अंदाज कधी चुकला नव्हता.

तर अशी मी त्यांची ड्रायव्हर झाले. शिकवायची जुनी गाडी घरातच होती, दोन ब्रेकांची गाडी विकत कोण घेणार. मी चालवायला आणि ते शेजारी, त्यांच्या नेहमीच्या जागेवर. तुला खोटं वाटेल, पण ते दिवस वाईट नव्हते. वर्ग, दवाखाना, बाजार. ते हळू आवाजात सांगत राहायचे, आरशात बघ, पुढचा लाल होईल, आत्तापासूनच पाय सैल कर. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांशी एवढं कधी बोललो नव्हतो. एकदा तर उगाचच नदीपर्यंत जाऊन आलो. घरात तोंड पाडून बसलेला माणूस गाडीत बसला की पुन्हा मास्तर व्हायचा. मी म्हणायचे, लायसन्स नाही तुमच्याकडे, जास्त शहाणपणा शिकवू नका. ते म्हणायचे, चालवायचं गेलंय, बसायचं नाही. या वाक्यावर आम्ही दोघं हसायचो.

त्या सकाळी आम्ही दवाखान्यातून येत होतो. धुलाईखान्याच्या बाजूचा उतार तुला माहीत आहे, जिथे तू सायकलवरून पडली होतीस. धुलाईखान्याचा एक माणूस चादरींनी भरलेली ढकलगाडी घेऊन दोन टेम्पोंच्या मधून रस्त्यात आला. मी त्याला पाहिलं. अगदी लांबून पाहिलं. माझा पाय ब्रेकवरच होता. आणि मी वाट पाहत राहिले. कशाची, ते मला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं, हे शेजारी असताना पुढे काही आलं की माझ्या पायाखालचा ब्रेक माझ्याआधी खाली जायचा. मी फक्त पाय ठेवून असायचे आणि गाडी थांबायची, आणि मला वाटायचं मीच थांबवली. त्या दिवशी ब्रेक खाली गेला नाही. मी शेजारी पाहिलं तर ते सरळ बसले होते, डोळे उघडे, पाय त्यांच्या ब्रेकवर. समोर त्या माणसाकडेच बघत होते, नुसते बघत होते. मग मी दाबला, पण तोवर फार उशीर झाला होता.

तो वाचला. ढकलगाडी मध्ये होती म्हणून वाचला. मनगट मोडलं आणि गुडघा सोलवटला. सगळ्या रस्त्यावर पांढऱ्या चादरी पसरल्या आणि त्या दुखऱ्या हाताने तो आधी चादरीच गोळा करायला लागला, कारण नुकत्याच धुतल्या होत्या. मी खाली उतरून एका चादरीचं टोक धरलं. चालवत मी होते, त्यामुळे जबाब माझा झाला आणि ताकीदही मला मिळाली. शेजारी बसलेल्या माणसाला कोणी काही विचारलं नाही. त्या चादरीवाल्याला बघायला मी अधूनमधून जाते. तो म्हणतो, बाई, होतं कधीकधी असं. तो असं म्हणतो तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटतं.

घरी आल्यावर तुझ्या बाबांनी मला विचारलं, तू ब्रेक का नाही मारलास? रागाने नाही, ठकू. खरोखर नवल वाटून विचारलं, एखाद्या हुशार विद्यार्थ्याने सोपं गणित चुकवावं तसं. आणि ते बरोबरच विचारत होते. मग त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं, उतारावर अंतर कसं राखायचं. त्यांच्या तोंडाला वास नव्हता. जिभेला जडपणा नव्हता. त्या सकाळी त्यांची किल्ली दारात नेहमीसारखी फिरली होती. माझा अंदाज सांगत होता, काही नाही, वय झालंय, डुलकी लागली असेल. दुसऱ्या दिवशी गाडी पुसताना मला डिकीत बॅटरीच्या पाण्याची बाटली सापडली. बॅटरीचं पाणी कोणी वास घेऊन बघत नाही. मी का बघितला ते मलाही सांगता येणार नाही. आत दारू होती, आणि बाटली निम्मी रिकामी होती. मी ती होती तिथे ठेवून दिली आणि वर येऊन कपड्यांच्या घड्या केल्या.

सगळं सांगायचं ठरवलंच आहे तर हेही सांगते. मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी एक काहीतरी सांगितलं असतं आणि ते खरं की खोटं हे मला ओळखता आलं नसतं. ही गोष्ट मला नवी आहे. त्यांचं पिणं मला माहीत होतं, खोटं बोलणंही माहीत होतं, पण ते कधी प्यायलेले आहेत आणि कधी नाहीत एवढं तरी मला नक्की कळायचं. माझ्या हातात तेवढंच होतं. आता तेही नाही. सकाळी समोरासमोर चहा पितो तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसते आणि मला काही म्हणजे काही कळत नाही. काय बघतेस, असं ते विचारतात. मी म्हणते, दाढी करा.

आणि अशातच भिंगरीचा फोन आला. त्या दिवसापासून ते रोज दाढी करतात. ती बाटली त्यांनी आपण होऊन आणली, माझ्यासमोर मोरीत ओतली, धुतली आणि उन्हात पालथी ठेवली. तेव्हापासून त्यांनी घेतलेली नाही, असं मला वाटतं. निदान बॅटरीचं पाणी आता बॅटरीचंच पाणी आहे, मी रोज वास घेते. लाल रंगाने शिकाऊची पाटी नव्याने रंगवली. दोन्हीकडच्या ब्रेकना तेल दिलं. पहिल्या दिवशी बाजाराचं रिकामं मैदान, मग नदीचा रस्ता आणि शेवटी धुलाईखान्याचा उतार, असा सगळा क्रम त्यांनी मला तोंडी ऐकवला. उताराचं नाव घेताना त्यांचा चेहरा तसाच होता. तिथं तिला नक्की न्यायचं, म्हणाले, तिथंच माणूस शिकतो. काल समोर काचेखाली पाण्याचा पेला ठेवला, शेजारच्या सीटवर बसले आणि मला म्हणाले, बघ. हात पुढे धरला होता. हात स्थिर होता, ठकू. मला इतका आनंद झाला की मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

मी काहीच केलं नाही असं समजू नकोस. मी त्यांना सांगितलं, निलंबित लायसन्सवर शिकवता येत नाही. ते म्हणाले, कायदा चालवणाऱ्याला असतो, शेजारी बसणाऱ्याला नसतो. म्हणून मी लायसन्सच्या कचेरीत जाऊन खिडकीवरच्या कारकुनाला विचारून आले. शिकाऊच्या शेजारी बसणाऱ्याकडे चालू लायसन्स हवंच, असं त्याने स्वच्छ सांगितलं. हे म्हणाले, त्याला मीच शिकवलंय, त्याला अजून गाडी मागे घेता येत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना. किल्ली लपवून पाहिली, तर त्यांनी संध्याकाळी किल्लीशिवाय गाडी सुरू करून दाखवली, वर हेही भिंगरीला शिकवीन म्हणाले. भंगारवाल्याला बोलावलं, त्याला यांनी चहा पाजला, तासभर इंजिनावर गप्पा मारल्या आणि हसतमुखाने परत पाठवलं. शेवटी मी सरळ म्हटलं, अहो, पोरीच्या शेजारी बसू नका, मी पाया पडते. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, तुझा माझ्यावर विश्वास नाही? आणि मी, मूर्ख बाई, आहे म्हणाले. त्या वेळचा त्यांचा चेहरा तू पाहिला असतास तर तूही तेच म्हणाली असतीस.

तुझ्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. तूही तिच्याबरोबर येशील, मागच्या सीटवर बसशील, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवशील. पण मागच्या सीटला ब्रेक नसतो, ठकू. मी तर पुढे होते, माझ्या पायाखाली ब्रेक होता, आणि तरी मी वाट पाहत बसले. भिंगरीही बसेल. आजोबा शेजारी असताना कशाला घाबरायचं, असं वाटेल तिला, जसं तुला वाटलं, मला वाटलं. तिला वाटणारच नाही की आपल्याला थांबवायचं आहे. ते दारू पिऊन बसतील असं मी म्हणत नाही. कदाचित थेंबही घेणार नाहीत. अगदी शपथेवर सांगावं इतके ते आत्ता बरे आहेत. पण दुधाने तोंड पोळलंय माझं, आणि आता ताक कोणतं आणि दूध कोणतं हेही मला ओळखता येत नाही.

म्हणून लिहिते आहे. भिंगरीला पाठवू नकोस. मला त्यांना नाही म्हणता येत नाही, तेव्हा तू म्हण. तिला हवं तर खरं सांग, ती मोठी झाली आहे. त्यांना मात्र परीक्षेचं, नोकरीचं, काहीही निमित्त सांग, आणि शक्यतो फोन दुपारी कर, म्हणजे मी घरात असेन. ती येणार म्हणून त्यांनी सोडली आहे. ती येणार नाही हे कळल्यावर काय होईल ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. ती आली तर तिचं काय होईल ते मला माहीत नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण विहिरीच्या काठावर आपली पोर उभी असेल तर निवड करायची राहत नाही. मी पोरीला निवडलं. त्यांना कधी कळलं तर ते मला दोष देणार नाहीत, उलट बरोबर केलंस म्हणतील, आणि तेच मला सोसणार नाही. आत्ता ते आवारात गाडीपाशी आहेत. खालून हाक मारून विचारताहेत, भिंगरीची उंची आता ठकूएवढी झाली का, सीट त्या मापाने पुढे ओढून ठेवायची आहे. मी खिडकीत गेले आणि सांगितलं, हो, तेवढीच झाली आहे.

या घरात अजून तुझीच,
आई